नाव ट्रेंड होणे
एखाद्या व्यक्तीच्या, गावाच्या वा संस्थेच्या नावाचा शोध किंवा उल्लेख इंटरनेटवर थोड्या अवधीत एकाएकी वाढला, म्हणजे ते नाव 'ट्रेंड' झाले असे म्हणतात. येथे एकूण संख्येपेक्षा वाढीचा वेग निर्णायक असतो. म्हणूनच रोज असंख्य वेळा शोधले जाणारे नाव यादीबाहेर राहते आणि कालपर्यंत मोजक्यांनाच ठाऊक असलेले नाव अग्रस्थानी येते. कोणता शब्द किती शोधला गेला हे दाखवणाऱ्या, 2006 साली सुरू झालेल्या गूगल ट्रेंड्स या सेवेवरील 0 ते 100 हे आकडेही सापेक्षच असतात. 100 हा आकडा शोधांची संख्या सांगत नाही, तर निवडलेल्या प्रदेशात व काळात त्या शब्दाने गाठलेले सर्वोच्च प्रमाण दाखवतो. हा भेद विसरून काढलेले लोकप्रियतेचे निष्कर्ष दिशाभूल करतात.

1 ऑगस्ट 2024 हा दिवस या दृष्टीने फार बोलका आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी त्या दिवशी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकले आणि हा नेमबाज कोण, कुठला, रेल्वेत कोणत्या पदावर, असे प्रश्न लोक विचारू लागले. पाठोपाठ खाशाबा जाधव यांचेही नाव चर्चेत आले, कारण 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील त्यांच्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळण्यास 72 वर्षे लागली होती. त्याच तारखेला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी व अण्णा भाऊ साठे यांची जयंती असते. त्यांच्या नावांना येणारी उसळी दरवर्षीची असल्याने तिला नवी बातमी समजू नये. कधी कारण खुद्द शोधयंत्रच पुरवते: 15 जानेवारी 2023 रोजी, खाशाबांच्या जयंतीला, गूगलने त्यांच्यावर डूडल, म्हणजे मुखपृष्ठावरील खास चित्र, प्रसिद्ध केले होते.

ठरवलेल्या वेळी एकाच मजकुराचे संदेश पाठवूनही नाव वर आणता येते. सर्वांत क्लेशकारक प्रकार मात्र गैरसमजाचा आहे. ज्येष्ठ कलावंताचे नाव दिसताच, कारण वाढदिवस असो वा पुरस्कार, 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे संदेश फिरू लागतात आणि त्याचा मनस्ताप कुटुंबाला होतो.

कारण शोधताना उसळी कोणत्या तासाला व कोणत्या प्रदेशात सुरू झाली हे आधी पाहावे आणि नावासोबत कोणते शब्द शोधले गेले ते तपासावे. मराठी नावांबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते: 'कुसाळे', हिंदीतील 'कुसाले' आणि रोमन लिपीतील रूप हे शोधशब्द म्हणून स्वतंत्र मोजले जातात, त्यामुळे एकाच रूपाचा आलेख अपुरा ठरतो.