बारांचाक, स्तानिस्वाव

(१३ नोव्हेंबर १९४६ – २६ डिसेंबर २०१४). पोलिश कवी, समीक्षक, अनुवादक आणि कम्युनिस्ट राजवटीविरुद्धच्या चळवळीतील कार्यकर्ते. जन्म पोझनान येथे. शिक्षण व पुढे अध्यापन तेथील आदाम मित्स्क्येविच विद्यापीठात. पोलिश कवी मिरोन ब्यावोशेव्स्की यांच्या काव्यभाषेवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. कुमारवाचकांच्या लाडक्या कादंबरीकार मावगोझाता मुशेरोविच या त्यांच्या भगिनी.

१९६७ मध्ये ते सत्ताधारी पक्षाचे सभासद झाले आणि १९६९ मध्ये बाहेर पडले. दरम्यान, मार्च १९६८ मधील विद्यार्थी आंदोलन सरकारने चिरडले होते. त्या घावातून उभ्या राहिलेल्या पोलिश कवितेतील ‘नव्या लाटे’चे बारांचाक हे कवीही होते आणि सिद्धान्तकारही, आदाम झागायेव्स्की, रिशार्द क्रिनित्स्की हे त्यांचे सहप्रवासी. कवीने आधी अविश्वास बाळगायला शिकले पाहिजे, ही भूमिका त्यांनी १९७१ च्या समीक्षाग्रंथात मांडली. वर्तमानपत्रे, भाषणे आणि सरकारी कागद यांची भाषा माणसाच्या विचारात शिरते, म्हणून तीच कवितेत आणून तपासायची, ही त्यांची रीत. त्यांची एक कविता सरकारी अर्जाच्या नमुन्यात आहे. जन्मलात का? नको ते खोडा. ‘होय’ असल्यास कारण द्या. पुढे अर्ज विचारतो की, कातडीच्या सीमेपलीकडे नातेवाईक आहेत का. परदेशी नातलगांविषयीचा पोलिसी प्रश्न इथे थेट माणसाच्या एकटेपणावर येऊन आदळतो. इतक्या थोड्या शब्दांत त्या राजवटीचे चित्र क्वचितच कोणी उभे केले असेल.

राज्यघटनेतील प्रस्तावित बदलांविरुद्धच्या १९७५ मधील ‘५९ जणांच्या पत्रा’वर त्यांची सही होती. जून १९७६ मध्ये दरवाढीविरुद्ध संप करणाऱ्या रादोम व उर्सुस येथील कामगारांना मारहाण झाली, अनेकांना कामावरून काढले गेले. त्यांना पैसा व वकील मिळवून देण्यासाठी त्याच वर्षी सप्टेंबरात स्थापन झालेल्या कामगार संरक्षण समितीच्या संस्थापकांत बारांचाक होते. सेन्सॉरला न जुमानता निघालेल्या ‘झापिस’ या नियतकालिकाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. याची किंमत त्यांना मोजावी लागली: १९७७ मध्ये लाचेच्या आरोपावरून स्थगित शिक्षा, विद्यापीठातून बडतर्फी, लेखनावर बंदी. हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले, तर पासपोर्ट वर्षानुवर्षे नाकारला गेला. ‘सॉलिडॅरिटी’ या स्वतंत्र कामगार संघटनेच्या उदयानंतर १९८१ मध्ये ते अखेर अमेरिकेला पोहोचले, त्याच डिसेंबरात पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. पुढे हार्वर्डमध्ये ते पोलिश साहित्याचे प्राध्यापक होते.

झ्बिग्न्येव हेर्बेर्त यांच्या काव्यावरील त्यांचा ग्रंथ समीक्षक म्हणून त्यांची सर्वांत भक्कम कामगिरी. अनुवादक म्हणून त्यांचा आवाका थक्क करणारा आहे: शेक्सपिअरची बहुतेक नाटके, जॉन डन आणि एमिली डिकिन्सन त्यांनी पोलिशमध्ये आणले, क्लेअर कॅव्हना यांच्यासह विस्वावा शिंबोर्स्का यांची कविता इंग्रजीत नेली. शिंबोर्स्का यांना १९९६ मध्ये नोबेल मिळाले, त्याच्या आदल्याच वर्षी या अनुवादांचा मोठा संग्रह निघाला होता. ‘शस्त्रक्रियेची अचूकता’ (१९९८) या संग्रहाला १९९९ चा निके हा पोलिश साहित्य पुरस्कार लाभला. पार्किन्सनच्या दीर्घ आजारानंतर मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांचे निधन झाले.