हिवाळा सरला की आधी माळ्यावर चढा

जिथे महिनोन्‌महिने बर्फ पडतो, तिथे छपरं बर्फाच्या ओझ्यानेच खराब होतात असा बहुतेकांचा समज असतो. ओझं असतंच, आणि ते नुसत्या डोळ्यांनी कळतही नाही. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण 50 ते 100 किलो भरतो. तोच भिजून, दबून बसला की 400 किलोपर्यंत जातो. छपरावर 30 सेंटिमीटरचा थर दिसला, तर चौरस मीटरवर 30 किलो भार असेल किंवा 120 किलोही. तरी नीट बांधलेल्या छपरात असा भार आधीच हिशेबात धरलेला असतो. त्याला खिळखिळं करतं ते पाण्याचं पुन्हा पुन्हा वितळणं आणि गोठणं. शिवाय वितळवणारी ऊब बऱ्याचदा घरातूनच आलेली असते. म्हणून हिवाळा सरल्यावर बाहेर शिडी लावण्याआधी टॉर्च घेऊन माळ्यावर जावं, असं माझं ठाम मत आहे.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. कौल, वीट, दरजांमधला चुना किंवा सिमेंट या सगळ्यांत बारीक छिद्रं असतात आणि त्यांत पाणी शिरतं. छिद्रं अर्धवट भरलेली असली तर फुगणाऱ्या बर्फाला सरकायला जागा मिळते आणि काही बिघडत नाही. ती 91 टक्क्यांहून अधिक भरली की जागाच उरत नाही. मग कौलाचे पापुद्रे सुटतात, धुराड्याच्या दरजा भुसभुशीत होतात. त्यामुळे पारा किती खाली गेला यापेक्षा तो शून्याच्या आसपास किती वेळा वर-खाली झाला आणि तेव्हा छप्पर किती ओलं होतं, हे जास्त महत्त्वाचं. सावलीच्या बाजूला धरलेलं शेवाळ म्हणूनच वाईट. ते कौल सतत ओलं ठेवतं.

खरा घोटाळा होतो तो वळचणीला. घरातली उष्णता छतातून माळ्यात जाते आणि छपराचा वरचा भाग आतून तापतो. तिथला बर्फ तळाकडून वितळतो, ते पाणी उतारावरून खाली येतं. वळचण मात्र भिंतीच्या बाहेर आलेली, खालून गार वारा लागणारी. तिथे पोचताच पाणी पुन्हा गोठतं. दिवसागणिक बर्फाचा हा कठडा वाढत जातो आणि त्याच्यामागे पाणी तुंबतं. कौलं किंवा डांबरी शिंगल्स (छपरावर ठोकायच्या डांबराच्या पातळ चकत्या) माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवलेल्या असतात. वरून आलेलं पाणी खाली घालवायचं एवढंच त्यांचं काम. तुंबलेलं पाणी थोपवणं त्यांना जमत नाही. आढ्याचं पाणी वळचणीला जायचं, ही नेहमीची रीत. इथे वळचणीचं पाणी उलट वर सरकतं, कौलांच्या खालून आत शिरतं आणि भिंतीच्या कडेने छतावर डाग उमटवतं. वळचणीला लटकणारे बर्फाचे लांब सुळे पाहायला सुंदर दिसतात, पण माळा गरम होत असल्याची ती बऱ्याचदा पहिली खूण असते.

आता माळ्यावर. 20 अंश सेल्सिअसची हवा घनमीटरमागे सुमारे 17 ग्रॅम बाष्प धरू शकते. शून्य अंशाला 5 ग्रॅमहून थोडं कमी, उणे 10 अंशांना अडीच ग्रॅमसुद्धा नाही. स्वयंपाकघरातली, न्हाणीघरातली दमट हवा फटींतून वर गेली की जादा बाष्प कुठेतरी बसणारच. ते आधी बसतं छपरातून आत डोकावणाऱ्या खिळ्यांच्या टोकांवर, कारण धातूतून उष्णता लाकडापेक्षा कितीतरी लवकर बाहेर जाते आणि ती टोकं सगळ्यात आधी गार पडतात. थंडीभर त्यांच्यावर हिमाचे कण साठत राहतात. पहिल्या उबदार दिवशी ते एकदम वितळून ठिबकतात आणि घरच्यांना वाटतं, छप्पर गळतंय.

हा फरक ओळखता येतो. टॉर्च लाकडावर सरळ न मारता फळीला जवळजवळ टेकवून आडवी धरावी. तिरप्या उजेडात ओल, बुरशी, फुगवटा ठळक दिसतो. बऱ्याच खिळ्यांची टोकं गंजलेली आणि प्रत्येकाभोवती काळसर गोल डाग असेल, तर दोष आतल्या दमट हवेचा. एकाच वाशावरून ओघळ उतरला असेल, तर पाणी बाहेरून आलंय. तो ओघळ उताराच्या वरच्या दिशेने शोधत जावं, कारण पाणी वाशावरून बरंच अंतर चालतं आणि मग टपकतं. खोलीतला डाग आणि वरचं भोक क्वचितच एका रेषेत असतात. संशय आला तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहावं. चांगलं लाकूड दाद देत नाही, कुजकं आत जातं. ओल मोजायचं मीटर मिळालं तर उत्तमच: लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला वाव मिळतो.

बाहेरची बरीचशी पाहणी जमिनीवरून दुर्बिणीने होते, आणि घरमालकाने तशीच करावी. ओल्या किंवा बर्फ उरलेल्या छपरावर पाय ठेवू नये. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हा आढ्याची रेषा आणि उताराचा पृष्ठभाग पाहावा; झोल, खळगा, उचललेली कड लगेच कळते. कडा आणि कोपरे विशेष तपासावेत, कारण वाऱ्याचा उपसा, म्हणजे छप्पर वर खेचणारा जोर, तिथेच सर्वाधिक असतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, तर जोर चौपट. ताशी 108 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 55 किलो वजनाइतका भरतो, आणि कोपऱ्यांवर उपसा त्याहूनही जास्त असू शकतो. थंडीत डांबर कडक, ठिसूळ होतं. अशा वेळी शिंगलची चिकटपट्टी एकदा सुटली की पुढच्या वादळात ती उचकटते.

धुराड्याभोवतीच्या धातूच्या पट्ट्यांकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देईन. ॲल्युमिनियमची 5 मीटरची पट्टी तापमानात 40 अंशांचा फरक पडला की सुमारे साडेचार मिलिमीटर लांब-आखूड होते, आणि शेजारची वीट त्या मानाने फारच कमी हलते. हा ताण मधल्या सीलंटला, म्हणजे फट बुजवणाऱ्या लवचिक लेपाला, सोसावा लागतो. त्याला केसाएवढी भेग दिसली तरी जुना थर खरवडून नवा भरावा, वरून थापू नये.

पन्हळ साफ करताना हाताला वाळूसारखे खडे लागले तर ते शिंगलवरचे दाणे असतात. ते डांबराला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतात. थोडे नेहमीच झडतात. मूठमूठ मिळू लागले तर छपराचं आयुष्य सरत आलंय. पन्हळीच्या कड्या ओढून पाहाव्यात, कारण बर्फाने भरलेली पन्हळ मीटरमागे नऊ-दहा किलो सहज भरते.

पुढच्या हिवाळ्याची तयारी वसंतातच करावी. कुऱ्हाडीने बर्फ फोडण्याने किंवा मीठ टाकण्याने कौलं फुटतात, पत्रा गंजतो, आणि मूळ कारण तसंच राहतं. दिव्यांभोवतीच्या, पाइपांच्या, माळ्याच्या झाकणाच्या फटी बुजवणं, छतावर इन्सुलेशनचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या साहित्याचा, सलग थर देणं, वळचणीतून हवा आत येऊन आढ्यातून बाहेर जाईल असा मार्ग मोकळा ठेवणं, हा त्यावरचा इलाज. क्रमही हाच: फटी आधी, थर नंतर. न्हाणीघराच्या पंख्याची नळी माळ्यातच सोडलेली असेल तर ती आधी थेट बाहेर काढावी.

दुरुस्ती झाल्यावर नळीने पाणी मारून पाहावं, पण वळचणीपासून सुरुवात करून हळूहळू वर, प्रत्येक टप्प्यावर थोडा वेळ थांबत. आत माळ्यावर टॉर्च घेऊन दुसरा माणूस हवाच. वरून सुरुवात केली तर सगळं छप्पर भिजतं आणि पाणी नेमकं कुठून आलं ते कळत नाही. आणि खोलीतल्या डागावर रंग द्यायची घाई करू नये. वरचं लाकूड आणि इन्सुलेशन पूर्ण कोरडं झाल्याची खात्री होईपर्यंत तो डाग तसाच राहू द्यावा, कडेने पेन्सिलची रेघ मारून. रेघेबाहेर ओल गेली, तर काम अजून बाकी आहे.