आततायिवध

आततायिवध : जीवावर, घरादारावर किंवा समाजावर उघड उठलेल्या माणसाला ठार मारणे क्षम्य ठरते का, ठरत असेल तर कोणाला, कोणत्या क्षणी आणि कोणत्या मनाने, याचा विचार करणारी धर्मशास्त्रातील संकल्पना. हा प्रश्न सगळ्याच धर्मांना पडलेला आहे. या नोंदीत तो कोल्हापूर म्हणजे करवीर क्षेत्राच्या अंगाने पाहिला आहे. असुराच्या वधाचा दरवर्षी सोहळा करणारी देवी, मुंगीलाही जपणाऱ्या जैन परंपरेचा मठ आणि लढायांचा पन्हाळा ही तिन्ही ठिकाणे इथे अर्ध्या दिवसात पाहून होतात.

वसिष्ठस्मृतीत सहा आततायी सांगितले आहेत : आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा. मनुस्मृती (८.३५०) त्याहून पुढे जाते. गुरू असो, बालक, वृद्ध किंवा विद्वान ब्राह्मण असो, आततायी म्हणून चालून आला तर ‘हन्यादेवाविचारयन्’, म्हणजे विचार न करता मारावाच, असे ती म्हणते. हे वचन पुढे अनेकांनी अनेक कामांना जुंपले. त्यावर विज्ञानेश्वराने घातलेला लगाम मात्र फारसा कोणी सांगत नाही.

कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, म्हणजे १०७६ ते ११२६ या दरम्यान, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा याच चालुक्यांचे मांडलिक होते. विज्ञानेश्वराच्या मते मनूचे ते वचन म्हणजे गुरूला मारण्याची आज्ञा नव्हे, तो नुसता अर्थवाद, म्हणजे मुद्द्याला भर देण्यासाठी केलेले विधान आहे. अर्थशास्त्र आणि धर्मशास्त्र यांत विरोध आला तर धर्मशास्त्र बलवान, हा याज्ञवल्क्याचाच नियम तो आधाराला घेतो. ठार मारण्याचा हेतू नसताना, केवळ स्वतःला वाचवण्यासाठी समोरच्याला आवरताना त्याचा मृत्यू ओढवला, तर प्रायश्चित्त हलके आणि राजदंड नाही. मात्र हलके असले तरी प्रायश्चित्त आहेच. दीडएक शतकाने युरोपात थॉमस अॅक्वायनसने स्वसंरक्षणाबद्दल जवळपास हाच भेद केला : हेतू जीव वाचवण्याचा, मृत्यू हा त्याचा हेतूबाहेरचा परिणाम. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचा संभव नाही.

वध योग्य ठरला तरी त्याचा डाग उरतो, ही जाणीव पुराणांतही पक्की आहे. वृत्राला मारून इंद्राने जग वाचवले, तरी ब्रह्महत्या त्याच्या पाठीस लागलीच. युद्ध जिंकल्यावर युधिष्ठिराला पापक्षालनासाठी अश्वमेध करावा लागला. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायीच म्हणतो आणि तरीही ‘पापमेवाश्रयेदस्मान्’, यांना मारून आपल्याला पापच लागेल, असे सांगतो. म्हणजे स्मृतीतली सवलत त्याला ठाऊक होती, ती पुरेशी वाटली नाही. कृष्णाचे उत्तर सतरा अध्याय चालते. त्यात अहंकार आणि फळाची आस सोडण्याची अट इतकी कडक आहे, की रागाच्या भरात हत्यार उचलणाऱ्याला त्या उत्तराचा आधार घेता येऊ नये. प्रत्यक्षात तो सर्रास घेतला गेला, ही गोष्ट वेगळी.

करवीरमाहात्म्यातली कथा या सगळ्याला स्थानिक रूप देते. कोल्हासुराचे पुत्र देवांकडून मारले गेले. सूडाने पेटलेल्या त्याने तप केले आणि देवीने शंभर वर्षे हे क्षेत्र सोडून जावे असा वर मिळवला. त्या काळात त्याने प्रजेला छळले, मुदत संपल्यावर महालक्ष्मीने परतून त्याचा वध केला. मरताना त्याने मागणे मागितले : क्षेत्राला माझे नाव राहावे आणि दरवर्षी मला कोहळ्याचा बळी मिळावा. देवीने ते मान्य केले. कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. असुराच्या क्रौर्याला पुत्रशोकाचे कारण दिले आहे, आणि मारणाऱ्या देवीने मेलेल्याचा मान ठेवला आहे. रावण पडल्यावर ‘मरणान्तानि वैराणि’ म्हणणाऱ्या रामाचीच ही रीत. प्रतापगडाच्या पायथ्याला अफझलखानाची कबर आहे, तिच्याकडेही जुन्या पिढीतली माणसे याच नजरेने पाहत आली.

आश्विन शुद्ध पंचमीला, ललितापंचमीच्या दिवशी, अंबाबाईची, म्हणजे महालक्ष्मीची, पालखी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या (लोकांच्या तोंडी टेंबलाईच्या) भेटीला जाते. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष याने देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकले तेव्हा त्र्यंबोलीने त्याला मारून देवांना सोडवले. विजयाच्या आनंदात तिला बोलावणे राहून गेले, ती रुसून टेकडीवर जाऊन बसली आणि अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली, अशी कथा आहे. तिथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडला जातो आणि त्याचे तुकडे मिळवायला एकच झुंबड उडते. फोडतात तो कोल्हासुर की कामाक्ष, यावर गर्दीत दोन्ही उत्तरे मिळतात. वध फळावर उरकला जातो, हे महत्त्वाचे.

त्याच टेकडीवर आषाढात निराळा प्रकार असतो. पंचगंगेला नवे पाणी आले, की गल्लीगल्लीतून ते कळशीत भरून ‘पी ढबाक’च्या वाजंत्रीत टेंबलाईला नेतात, पायरीवर ओततात आणि मग गल्लीत, तालमीत बकरी पडतात, मटणाचे वाटे होतात. देवाच्या नावाने प्राणी मारण्याबाबत ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात चांगलाच समाचार घेतला आहे. पाऊस पडावा म्हणून पशू मारून याग करणाऱ्या अहिंसेला ज्ञानेश्वर झाडाच्या फांद्या तोडून बुंध्याला कुंपण करण्याची उपमा देतात. १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा मात्र कलम २८ मध्ये धर्माने सांगितलेल्या रीतीने केलेल्या पशुवधाला गुन्हा मानत नाही.

वारकरी परंपरा या प्रश्नावर एकमुखी आहे असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ आहे : खळाचा वाकडेपणा जावा, खळ नव्हे. तुकोबा ‘दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणिक निर्दळण कंटकांचें’ म्हणून दयेच्या व्याख्येतच कंटकांचा नायनाट घालतात. कीर्तनकार श्रोते पाहून यातले एक उचलतो.

जैन विचाराने या विषयाची जितकी बारीक फोड केली तितकी इतरत्र सापडत नाही. कोल्हापुरात लक्ष्मीसेन भट्टारकांचा मठ आहे, कुंभोजजवळ बाहुबली आहे आणि या भागातले जैन बव्हंशी शेतकरी आहेत, त्यामुळे ही फोड इथे पोथीत राहत नाही. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार मानले जातात. संकल्पी म्हणजे ठरवून केलेली. ती पूर्ण वर्ज्य. आरंभी हिंसा रांधण्या-झाडण्यात होते, उद्योगी शेती-व्यवसायात आणि विरोधी हिंसा आक्रमकाचा प्रतिकार करताना. या तिन्ही गृहस्थाने कमीत कमी कराव्यात. मुनीला मात्र चारही बंद. उसात हुमणी (मुळे खाणारी अळी) लागली तर औषध घालायचे की नाही, हा शिरोळ-हातकणंगले पट्ट्यातल्या श्रावकाचा, म्हणजे जैन गृहस्थाचा, प्रश्न उद्योगी हिंसेत मोडतो आणि तो औषध घालतो. पर्युषणात, म्हणजे जैनांच्या व्रताच्या पर्वात, मात्र नांगर शक्यतो थांबवतो. विरोधी हिंसेची सूट कागदावरची नव्हती : शिलाहार गंडरादित्याचा सामंत निंबदेव रणांगणावरचा योद्धा होता आणि कोल्हापूरची रूपनारायण बसदी (जैन मंदिर) बांधणारा श्रावकही. सल्लेखना, म्हणजे आहार क्रमाने सोडत मृत्यूला सामोरे जाणे, हा इथे वध किंवा आत्महत्या मानला जात नाही. याच परिसरात वाढलेल्या परंपरेतले आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर असाच देह ठेवला. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तिला दंडनीय ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निकालाला स्थगिती दिली.

डॉ. आंबेडकरांनी बुद्धाच्या अहिंसेचा अर्थ लावताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला. बुद्धाने पहिलीला मनाई केली, असे त्यांचे म्हणणे. कुराणात (५.३२) एका जीवाची हत्या म्हणजे जणू सगळ्या मानवजातीची हत्या म्हटले आहे, पण त्याच वाक्यात खुनाचा बदला आणि पृथ्वीवर माजवलेला उत्पात हे अपवाद येतात. किसासच्या, म्हणजे खुनाच्या समान बदल्याच्या, आयतीत (२.१७८) वारसांना क्षमेचा मार्गही खुला ठेवला आहे. वध आणि क्षमा दोन्हींचा हक्क मृताच्या घरच्यांकडे देणारी ही रचना हिंदू स्मृतींपेक्षा वेगळी आहे, कारण तिथे दंड राजाच्या हातात असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या जुन्या वादाला राजकारणाची धार आली. जून १८९७ मध्ये पुण्याच्या शिवाजी उत्सवात टिळकांनी अफझलखानाच्या वधाचे गीतेच्या आधारे समर्थन केले. ते केसरीत छापून आल्यावर आठवड्याभरात, २२ जूनला, पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली आणि टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८ मध्ये कोल्हापुरातून निघणाऱ्या ‘विश्ववृत्त’ मासिकात वेदाभ्यासक सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरचा लेख आला. त्यातल्या शत्रुनाशाच्या ऋचा सरकारला झोंबल्या आणि संपादक विष्णू गोविंद विजापूरकर तुरुंगात गेले. हजारो वर्षांची ऋचा चालू घडामोडीवर बोट ठेवते तेव्हा ती प्रार्थना राहते का, हा प्रश्न त्या खटल्याने कोर्टात नेला.

आजचा कायदा आततायी हा शब्द वापरत नाही, पण विज्ञानेश्वराच्या वाटेने बराच चालतो. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे खासगी बचावाची आहेत. मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला यांची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हक्क पोचतो. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. मालमत्तेच्या बाबतीत राहत्या घराला आग लावणारा या यादीत टिकला आहे. शेत बळकावणारा गळला आहे. बांधाच्या भांडणात कुऱ्हाड काढणाऱ्याला वसिष्ठाचा हवाला देऊन सुटका नाही.

आततायीच्या सहाही प्रकारांत चालू असलेली कृती आहे, मत नाही. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर ते पत्नीसह फिरायला गेले असताना गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्याला धर्मद्रोही ठरवून मारण्याला धर्मशास्त्रातली ही संकल्पना कुठल्याच बाजूने लागू होत नाही, मग मारणारा स्वतःला काहीही म्हणवून घेवो.

राज्याने शिक्षा म्हणून घेतलेला जीव हा उरलेला वादाचा भाग. बच्चनसिंग खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हा निकष घातला. कोल्हापूरला तो बालहत्याकांडाच्या खटल्यात पाहायला मिळाला. लहान मुले पळवून त्यांना चोरीसाठी वापरणाऱ्या आणि नंतर मारणाऱ्या दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली, राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. जिल्ह्यात या शिक्षेबद्दल हळहळणारा माणूस सापडणे कठीण होते. तरीही जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. गुन्हा सौम्य ठरला म्हणून नव्हे, तर दयेच्या अर्जावर निर्णय द्यायला सरकारी यंत्रणेने वर्षानुवर्षे लावली म्हणून.