मागची खोली रिकामी कशी झाली

पूर्वी दुकानाच्या मागे एक खोली असायची, छतापर्यंत खोके रचलेली. तिच्यात पैसा अडकायचा, माल खराब व्हायचा. पण आठवडाभर गाडी आली नाही तरी दुकान चालायचं.

गंमत म्हणजे ती खोली रिकामी करण्याची युक्ती दुकानातूनच निघाली. अमेरिकी सुपरमार्केटात गिऱ्हाईक उचलेल तेवढाच माल फळीवर पुन्हा भरतात, हे टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी हेरलं आणि 1953 मध्ये कारखान्यातल्या मशीन शॉपमध्ये तीच रीत लावली. पुढे ती दुकानांकडे परतली, तीही यंत्रांसह. 26 जून 1974 रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी बारकोड असलेलं च्युइंगमचं पाकीट दुकानातल्या स्कॅनरवरून सरकलं आणि कुठला माल किती खपला हे गल्ल्यावरच कळू लागलं. 1980 च्या दशकात वॉलमार्टने आपली दुकानं उपग्रहाने जोडली; गोदामात आलेला माल साठवून न ठेवता एका ट्रकमधून थेट दुसऱ्यात चढू लागला. कंटेनरमुळे दूरदेशीचा कारखानाही परवडू लागला होता. साठा संपला नव्हता, तो रस्त्यावर आणि समुद्रात गेला होता.

यातला धोका कुणाला दिसलाच नव्हता असं नाही. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी 1961 मध्येच दाखवलं होतं, की खपातला छोटा चढउतार कारखान्यापर्यंत जाताना मोठा होतो. प्रॉक्टर अँड गॅम्बलला हे डायपरमध्ये अनुभवायला मिळालं: बाळं आपल्या ठरल्या गतीने डायपर ओले करत होती, कारखान्याकडे जाणाऱ्या ऑर्डरी मात्र उसळत होत्या.

2018 मध्ये ब्रिटनमधल्या केएफसीने नवा वितरक नेमला. सगळी भिस्त एकाच गोदामावर होती. चिकन पोचेना आणि शेकडो दुकानं बंद पडली. 2020 मध्ये टॉयलेट पेपर गायब झाला. साठेबाजी झाली हे खरं, पण लोक घरी बसल्यामुळे घरचा वापरही वाढला होता. कचेऱ्यांसाठीचे जाडजूड रोल पडून होते. ते वेगळ्या यंत्रांवर बनत, वेगळ्या वाटेने जात. पुढच्या मार्चमध्ये 400 मीटर लांबीचं ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं.

मग सगळ्यांनी साठे वाढवले. ते भरले तोवर गिऱ्हाइकाची आवड बदलली होती. जून 2022 मध्ये ‘टार्गेट’ या अमेरिकी दुकानसाखळीला जादा माल सवलतीत काढावा लागला, काही ऑर्डरीही रद्द कराव्या लागल्या. मागची खोली पुन्हा भरली होती, पण भलत्याच मालाने.