वादळात पडलेलं झाड उचलायचा खर्च कोणाचा? आमच्या सोसायटी ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार. वादळ होऊन गेलं की पडलेली झाडं आणि राडारोडा उचलणाऱ्या आम्हाला सोसायट्यांच्या सेक्रेटरी लोकांचे फोन सुरू होतात आणि बऱ्याच जणांचं म्हणणं एकच असतं, तुम्ही आत्ता उचला, सरकारकडून भरपाई आली की तुमचं बिल देतो. आम्ही याला नाही म्हणतो, आणि का ते नीट सांगायला हवं, कारण यावरून दरवर्षी वाद होतात आणि चांगले संबंध बिघडतात.

सरकारी पैसा असतो, नाही असं नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी 75 टक्के केंद्राचे आणि 25 टक्के राज्याचे असतात, आणि 2022 ते 2026 साठीच्या निकषांत ढिगारा हटवायचा प्रत्यक्ष खर्च धरलेला आहे, पण तो सार्वजनिक जागेतला, तोही काम सुरू झाल्यापासून 30 दिवसांतला. कंपाऊंडच्या आतलं झाड, उडालेले पत्रे, पडलेली भिंत हे त्यात बसत नाही. अमेरिकेत चक्रीवादळानंतर लोक अंगणातला ढिगारा रस्त्याकडेला आणून ठेवतात, तो स्थानिक प्रशासन उचलतं आणि मान्य खर्चातला किमान 75 टक्के वाटा फेमा ही केंद्रीय संस्था देते, त्याचे व्हिडिओ बघून आपल्याकडेही काही जण आतल्या फांद्या फुटपाथवर ढकलतात. कृपया असं करू नका. एकदा आतलं-बाहेरचं एकत्र झालं की ते कोणाचं यावरच भांडण, आणि ढीग तिथेच कुजत पडतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो भिंतीवरच्या झाडाचा. समजा आतला गुलमोहर उन्मळून भिंतीवर पडला, बुंधा पार्किंगमध्ये आणि शेंडा रस्त्यावर, तर वर्दी दिल्यावर अग्निशमन दलाचे किंवा उद्यान विभागाचे लोक येऊन रस्ता मोकळा करतात, भिंतीच्या रेषेपर्यंत कापतात आणि पुढच्या ठिकाणी जातात, त्यांनाही त्या रात्री शंभर ठिकाणी जायचं असतं. बुंधा तुमचा. म्हणून आम्ही आतल्या कामाचंच कोटेशन देतो, रस्त्यावरचं त्यात धरत नाही.

मग पैसे कुठून? सोसायटीचा विमा आधी बघा. भारत गृह रक्षा पॉलिसीत वादळाचं नुकसान धरलेलं असतं आणि ढिगारा हटवायला क्लेमच्या रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत मिळतात. लक्षात घ्या, क्लेमच्या रकमेच्या, आमच्या बिलाच्या नाही. म्हणजे इमारतीच्या नुकसानीचा क्लेम 3 लाखांचा मंजूर झाला तर ढिगाऱ्याचे जास्तीत जास्त 6 हजार, आणि झाड नुसतं मोकळ्या जागेत पडून काहीच मोडलं नसेल तर क्लेमच नाही. झाडाखाली गाडी सापडली असेल तर तो क्लेम गाडीमालकाचा वेगळा, नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर त्यात गाडीचं नुकसान मिळत नाही.

कटर लावायच्या आधी फोटो काढा, खोड कुठून तुटलं, भिंत कुठे फुटली, गाडीचा नंबर, सगळं एकाच फोटोत येईल असा एक तरी लांबून घ्या. वर्दीची वेळ लिहून ठेवा, विमा कंपनीला लगेच कळवा आणि महापालिकेला दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्याच, तोंडी सांगितलेलं नंतर कोणी मानत नाही. झुकलेलं पण उभं असलेलं झाड आम्ही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडणार नाही, 1975 च्या झाडं संरक्षणाच्या कायद्यात तसं बंधन आहे, कितीही घाई असली तरी.

मापाबद्दल पण सांगतो कारण बिलावर सगळ्यात जास्त शंका तिथेच येते. राडारोडा ब्रासमध्ये मोजतात, 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, पण फांद्या तशा मोजल्या तर ग्राहकाचं नुकसान होतं, कारण न कापता भरलेल्या फांद्यांत निम्मी तर हवाच असते. आम्ही फांद्या तुकडे करून, दाबून भरतो आणि प्रत्येक खेपेची चिठ्ठी देतो, तिच्यावर गाडी नंबर, भरायची जागा, वेळ, किती भरली आणि कुठे खाली केली हे असतं. गेटवरच्या वॉचमनची सही त्यावर घ्या. नुकसान तपासायला आलेल्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरने प्रश्न विचारला तर हीच चिठ्ठी दाखवता येते.

बिल सोसायटीच्या नावाने, फांद्यांचं वेगळं आणि भिंतीच्या राडारोड्याचं वेगळं मिळेल. क्लेम मंजूर होवो न होवो, आमचं पेमेंट त्यावर अवलंबून ठेवू नका, कामगारांची मजुरी आम्ही त्याच संध्याकाळी देतो. एकदम जमत नसेल तर काम सुरू व्हायच्या आधी सांगा, कमिटीच्या ठरावाची प्रत दिलीत तर हप्ते करून देऊ.