लॅपटॉपचा बारीक किरकिर आवाज: उगम आणि तपास

लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकेत दिवसभर मुकाट चालणारा लॅपटॉप रात्री वीज गेली की रातकिड्यासारखा किरकिरू लागतो, अशी तक्रार विद्यार्थ्यांकडून ऐकू येते. वीज जाते तेव्हा दोन गोष्टी एकदमच घडतात: छताचा पंखा थांबतो आणि लॅपटॉप चार्जरवरून बॅटरीवर येतो. आवाज तेव्हाच सुरू झाला, की आधीपासून होताच आणि पंख्याच्या घरघरीत दबून गेला होता, हे आधी ठरवायला हवे. त्यासाठी वीज असताना छताचा पंखा बंद करावा आणि चार्जर एकदा लावून, एकदा काढून ऐकावे.

त्यानंतर पाहायचे ते एवढेच, की आवाज कशाबरोबर बदलतो. लॅपटॉपच्या आतल्या पंख्याचा आवाज यंत्र तापेल तसा हळूहळू चढतो आणि निवल्यावर उतरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यातील धूळ त्याच्या पात्यांवर व बेअरिंगमध्ये बसली, की त्यात खरखर मिसळते. साफसफाईने किंवा पंखा बदलून हा प्रश्न मिटतो. मात्र माउसने पान वरखाली सरकवताच आवाज त्याच क्षणी बदलत असेल, तर फिरणाऱ्या भागाचा त्यात संबंध नाही. तो विजेचा आवाज आहे.

अ‍ॅडाप्टरकडून साधारण 19 किंवा 20 व्होल्टचा दाब येतो, तर प्रोसेसरला लागतो जेमतेम एक व्होल्टच्या आसपास. हा दाब उतरवणारे मंडल प्रवाह सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद करते आणि मधली कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, तो सलग करते. माणसाचा कान 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतच ऐकतो, त्यामुळे ही उघडझाप ऐकू येण्याचे कारण नाही. परंतु काम कमी असते तेव्हा वीज वाचवण्यासाठी हे मंडल थांबून थांबून, झुबक्यांनी वीज सोडते. प्रोसेसरही क्षणोक्षणी झोपतो आणि जागा होतो. या थांबण्या-सुरू होण्याची लय सेकंदाला काही हजारांवर येते आणि नेमकी कानाच्या टप्प्यात सापडते. म्हणूनच कित्येक लॅपटॉप काम करताना गप्प असतात आणि रिकामे बसले की किरकिरतात.

प्रवाह असा उसळू लागला, की चुंबकीय बलाने कॉइलचे वेढे थरथरतात आणि तिच्या गाभ्याचा आकारही किंचित बदलतो. लोखंडातील हा आकारबदल जेम्स जूल यांनी 1842 मध्ये नोंदवला. शेताच्या बांधावरची डीपी (ट्रान्सफॉर्मर) गुणगुणते ती मुख्यतः याच कारणाने: वीज 50 हर्ट्झची असली तरी प्रत्येक आवर्तनात गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून तिचा सूर 100 हर्ट्झचा, खर्जातला लागतो. लॅपटॉपमधील बारीक सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारे भाग, हेही दाब बदलेल तसे आकुंचन-प्रसरण पावतात आणि ज्या सर्किट बोर्डवर ते डकवलेले असतात, तो अख्खा बोर्ड थरथरवतात.

असा आवाज मुलाला छळतो आणि वडिलांना ऐकूही येत नाही, यात नवल नाही. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचेच स्वर ऐकू येईनासे होतात. भर बाजारातल्या दुकानात दुरुस्ती करणारा ‘आवाजच नाही’ म्हणाला, तर तो खोटे बोलतोच असे नाही. शांत खोलीत मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून न्यावा. वारंवारता दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये तो उभ्या सुळक्यासारखा दिसतो.

पडद्याचा उजेड कमी-जास्त केल्यावर सूर बदलला, तर संशय बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याच्या, मंडलावर जातो. बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या, पडद्यावर प्रोसेसर सहसा गाढ झोपी जात नाही. तेथे आवाज थांबत असेल, तर वीजबचतीची झोप हे कारण जवळजवळ निश्चित. पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरच्या वेगाचे किमान प्रमाण वाढवून अनेकदा आराम पडतो, मात्र त्याची किंमत उष्णता आणि बॅटरी यांत मोजावी लागते, त्यामुळे मला हा उपाय रात्रीपुरताच योग्य वाटतो. उलट, गेम सुरू होताच आवाज वाढत असेल, तर फ्रेमच्या वेगावर, म्हणजे सेकंदाला दाखवल्या जाणाऱ्या चित्रांच्या संख्येवर, मर्यादा घालावी.

आवाज केवळ इअरफोनमध्ये आणि केवळ चार्जर लावल्यावर येत असेल, तर घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, तसा जमिनीचा विद्युतरोध वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याची पद्धत त्यासाठीच आहे. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅडाप्टर गुणगुणला आणि महावितरणच्या विजेवर शांत राहिला, तर दोष लॅपटॉपचा नाही. अ‍ॅडाप्टर तडतडत असेल किंवा जळका वास येत असेल, तर मात्र तो तत्काळ काढावा आणि घरी उघडू नये.

कॉइलच्या किरकिरीने सहसा यंत्र बिघडत नाही, आणि उत्पादक बऱ्याचदा तिला दोष मानायला तयार नसतात. बोर्ड बदलून मिळाला तरी नवा गप्प राहील याची खात्री नसते. त्यामुळे नवा लॅपटॉप परत करण्याची मुदत संपण्याआधीच तो एका रात्री, पंखा बंद करून, चार्जरवर आणि बॅटरीवर ऐकून घ्यावा.