दंत क्ष-किरणचित्रण : प्रारण आणि सुरक्षितता

दात, त्यांची मुळे आणि भोवतालचे जबड्याचे हाड क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहण्याची पद्धत. दवाखान्यात सर्वांत जास्त निघतो तो दोन-तीन दात मुळाच्या टोकापर्यंत दाखवणारा छोटा एक्स-रे. दंतवैद्य त्याला ‘आयओपीए’ म्हणतात. पुढील विवेचन मुख्यतः त्याचे आहे.

क्ष-किरणांचा शोध जाहीर झाल्यावर काही आठवड्यांतच, जानेवारी 1896 मध्ये, जर्मनीतील ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना 25 मिनिटे किरणांसमोर पडून राहावे लागले. आज तेच काम सेकंदाच्या काही दशांशांत होते. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी अमेरिकेत या तंत्राचा पाया घातला, पण वर्षानुवर्षे हात किरणांत राहिल्याने त्यांना कर्करोग झाला आणि आधी बोटे, मग हात गमवावा लागला. हाताने फिल्म धरू नये हा नियम अशा किमतीवर आलेला आहे.

यंत्राच्या नळीत तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन साधारण 60 ते 70 किलोव्होल्टच्या दाबाने टंगस्टनच्या लक्ष्यावर आदळतात. सुमारे 99 टक्के ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून टंगस्टन तांब्याच्या जाड दांड्यात बसवलेले असते. उरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण कमी-जास्त शक्तीचे असतात. त्यातले दुबळे किरण गालातच शोषले जातात. चित्राला उपयोग शून्य, मात्रा मात्र रुग्णाच्या माथी. ते अडवण्यासाठी 70 किलोव्होल्टपर्यंतच्या यंत्रात किमान 1.5 मिमी आणि त्याहून जास्त दाबाच्या यंत्रात 2.5 मिमी ॲल्युमिनियमचा गाळणा लागतो.

मात्रा कमी करण्याचा सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे झोताचा आकार. नेहमीच्या गोल ‘कोना’तून (यंत्राच्या तोंडाशी झोताला दिशा देणाऱ्या पोकळ नळकांड्यातून) बाहेर पडणारा झोत त्वचेवर 7 सेंमी व्यासाचा, म्हणजे सुमारे 38 चौ. सेंमी असतो. मोठ्यांसाठीची फिल्म 31 × 41 मिमी, म्हणजे जेमतेम 13 चौ. सेंमी. दोनतृतीयांश झोत चित्राच्या बाहेरच पडतो. आयताकृती कोन लावला की ही उधळपट्टी निम्म्याहून अधिक थांबते, पण नेम अचूक लागतो. म्हणून तोंडात फिल्म धरणारा होल्डर आणि त्याची दिशादर्शक कडी हवी.

एका आयओपीएची परिणामी मात्रा (पूर्ण शरीराच्या हिशेबाने मोजलेली) साधारण 1 ते 8 मायक्रोसिव्हर्ट असते; 1,000 मायक्रोसिव्हर्ट म्हणजे 1 मिलिसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट, म्हणजे रोज सुमारे साडेसहा मायक्रोसिव्हर्ट मिळतात. ओपीजीची (पूर्ण जबड्याच्या एका चित्राची) मात्रा आयओपीएपेक्षा बरीच जास्त असू शकते, तर कोन-बीम सीटीची (जबड्याच्या त्रिमितीय चित्राची) काही दशांपासून शेकडो मायक्रोसिव्हर्टपर्यंत जाते. त्यामुळे ‘एक्स-रे’ हा एकच शब्द वापरून भीती किंवा दिलासा देणे चुकीचे.

फुकट जाणारी मात्रा बहुतेकदा दुसऱ्यांदा काढलेल्या एक्स-रेत असते. यंत्राचा ‘कोन’ फिल्मवरून सरकला की कडेला पांढरी कमान उमटते. यालाच ‘कोन कट’ म्हणतात. झोताचा उभा तिरपेपणा कमी पडला तर दात लांबलचक दिसतो, जास्त झाला तर बुटका. रूट कॅनालमध्ये लांबी मोजायची असेल तर दोन्ही निरुपयोगी. आडवी दिशा चुकली की शेजारच्या दातांच्या कडा एकमेकांवर चढतात आणि नेमकी फटीतली कीड लपते. फिल्म उलटी ठेवली तर पाकिटातल्या शिशाच्या पत्र्याची नक्षी फिक्या चित्रावर दिसते.

डार्करूमचा एक जुना दोष आजही सापडतो. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन) 20 अंश सेल्सिअसला साधारण 5 मिनिटांचा वेळ मागतो. घाईत फिल्म ‘दिसू लागली’ की बाहेर काढतात. ती फिकी राहू नये म्हणून एक्स-रे यंत्राचा टाइमर वाढवून ठेवतात. दोष रसायनाच्या वेळेचा, मात्रा रुग्णाला. आरव्हीजी सेन्सरवर (फिल्मऐवजी थेट संगणकावर चित्र देणाऱ्या पट्टीवर) याचे दुसरे रूप दिसते: सॉफ्टवेअर जरा जास्त मात्रेचे चित्रही सावरून घेते, आणि फिल्मच्या काळातला टाइमर कुणी कमी करत नाही.

बटण दाबणाऱ्याने रुग्णापासून किमान 2 मीटर दूर, झोताच्या दिशेशी 90 ते 135 अंशांत उभे राहावे. अंतर दुप्पट झाले की किरणांची तीव्रता चौथाई होते, आणि या टापूत रुग्णाच्या डोक्यावरून विखुरलेले किरण कमी येतात. जागा अपुरी असेल तर आडोसा लागतो. नळीचे डोके डुलत असेल तर हाताने धरून एक्स-रे काढू नये, आर्म दुरुस्त करावा. लहान मुलाची फिल्म धरायचीच असेल तर ती पालकाने, शिशाचा एप्रन घालून. दवाखान्यातल्या मदतनिसाने नव्हे.

शिशाचा एप्रन (0.25 मिमी शिशाइतका) रुग्णांना धीर देतो, पण पोटापर्यंत पोचणारे विखुरलेले किरण बहुतांशी शरीराच्या आतूनच जातात, त्यांना एप्रन अडवू शकत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2024 मध्ये एप्रन आणि थायरॉइड कॉलर यांचा नेहमीचा वापर थांबवण्याची शिफारस केली. जिथे तो वापरला जातो तिथे घडी घालू नये, दांड्यावर टांगावा. घडीवर आतले शिसे तडकते.

भारतात मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळ ‘अणुऊर्जा (प्रारण संरक्षण) नियम, 2004’ खाली या यंत्रांवर देखरेख ठेवते. यंत्र मंडळाने मान्य केलेल्या प्रकाराचे असावे लागते आणि ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीवर त्याची नोंदणी होते. प्रारणाशी काम करणाऱ्यांसाठी मर्यादा 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षी 30 मिलिसिव्हर्ट आहे. सर्वसामान्य जनतेसाठी वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट.